मदत हवी आहे: भाचीच्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन, लसिकेची गळती आणि आमच्या घरचा नारळ

मंडळी, भाची चार वर्षांची आहे. डाव्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत न्यूरोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांना होणारा एक कर्करोग. केमोने गाठ बरीच आक्रसली, आता ऑपरेशन मुंबईला ठरलंय. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे.

सर्जननी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. कंबरेचे वरचे दोन मणके, त्यांच्यापुढे महाधमनी आणि तिच्या आड, जरा उजवीकडे, पिशवीसारखा एक भाग. पायांकडून आणि आतड्यांकडून येणारी लसिका (लिंफ, म्हणजे बारीक वाहिन्यांतून वाहणारा शरीरातला द्रव) तिथे जमून छातीतल्या नळीत चढते. गाठ महाधमनीला धरून आहे, ती सोडवताना आसपासच्या बारीक वाहिन्या कापल्या जाणार. एखादी उघडी राहिली तर पोटात दुधासारखं पाणी साचतं. त्यात पुढची केमो लांबली तर काय, ही माझी खरी धास्ती.

पुढच्या भेटीत नेमकं काय विचारू? गळती होऊच नये म्हणून काही करता येतं का? आणि दुसरं, गळती झाली तर एमसीटी (मध्यम साखळीची चरबी) देतात म्हणे, आणि 'एमसीटी म्हणजे नारळ' असं व्हॉट्सॲपवर वाचल्यापासून आईने घाण्याचं खोबरेल आणून ठेवलंय. नारळाशिवाय ना आमटी ना हुमण अशा घरात हा सल्ला लगेच पटतो हो!

— डिचोलीचा मामा

स्कॅल्पेल: बालशल्यविभागात काम केलंय, म्हणून लिहितो. तुमच्या भाचीला पाहणारे डॉक्टर सांगतील तेच शेवटचं.

टाळण्याचं बहुतेक काम टेबलावरच होतं. अडचण अशी की उपाशी पोटी लसिका पाण्यासारखी नितळ असते, तेव्हा गळणारी जागा दिसतच नाही. म्हणून महाधमनीजवळच्या वाहिन्या नुसत्या जाळून न सोडता बांधतात, क्लिप लावतात किंवा सील करणाऱ्या उपकरणाने बंद करतात. पोट शिवण्याआधी ती जागा कोरडी करून थोडा वेळ नुसती बघत राहायची, हे कंटाळवाणं पण मोलाचं. शंका आली तर टाका आणि वर फायब्रिन ग्लू (जागा चिकटवून बंद करणारा पदार्थ). काही ठिकाणी इंडोसायनिन ग्रीन नावाचा चमकणारा रंग वापरतात. ऑपरेशन चालू असताना पोटात घातलेल्या नळीतून दूध किंवा क्रीम देऊन गळती पांढरी दिसते का, हेही काही जण पाहतात. हे वाचून घरून दूध पाजून मात्र नेऊ नका! भुलेआधी दुधासाठी साधारण सहा तास पोट रिकामं लागतं.

तेव्हा विचारा: वाहिन्या कशा बंद करणार? ड्रेन (पोटातलं पाणी बाहेर काढणारी नळी) ठेवणार का, आणि खाणं सुरू झाल्यावरही तो राहील का? पहिल्या दिवसांत कमी चरबीचा आहार देणार का? (काही ठिकाणी देतात, सगळीकडे नाही.) 'लसिकाग्रंथी कमी काढा' असं मात्र सुचवू नका. किती काढायच्या हे आजार ठरवतो. विल्म्स ट्यूमरमध्ये (मुलांच्या मूत्रपिंडाचा कर्करोग) तर त्या तपासल्याशिवाय आजाराचा टप्पाच नीट कळत नाही.

आणि गळती झाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. पाण्यात ट्रायग्लिसराइड (एक चरबी) दर डेसिलिटरला ११० मिलिग्रॅमच्या वर निघालं की निदान बहुधा पक्कं. मग चरबी बंद, एमसीटी, गरज पडली तर शिरेतून पोषण, आणि गळती कमी करणारं औषध ऑक्ट्रिओटाइड. बहुतेक मुलांची गळती अशी काही आठवड्यांत थांबते, पुन्हा पोट उघडायची वेळ थोड्यांवर येते. पण त्या पाण्यातून प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी जात राहतात, म्हणून अंगावर काढायचं नाही.

फोंड्याची आई: दादा, खोबरेलाची बाटली आधी आजीच्या डोक्याला लावायला द्या! आमच्या मुलाला गळती झाली होती, तेव्हा डाएटीशियनकडून हे सगळं शिकले. साधी चरबी आतड्यातून लसिकेत जाते, म्हणून गळती वाढते. एमसीटी तेलातली आठ आणि दहा कार्बनची मेदाम्लं थेट यकृताकडच्या रक्तात उतरतात. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल, बारा कार्बनचं, आणि त्यातलं बरंचसं लसिकेच्याच वाटेने जातं. म्हणजे नावापुरतं नातं.

आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज, अंड्याचं पांढरं, चरबी काढलेलं दूध, नारळ न घातलेलं तिवळ (कोकमाचं सार) आणि मुडदुशांचं (कमी चरबीचे मासे) पातळ कालवण चालायचं. बांगडा, तारली तेलकट, म्हणून बंद. एमसीटी तेलाची फोडणी करू नका, लगेच करपतं. पेज जरा निवली की वरून घालायचं, तेही चमच्याने वाढवत, नाहीतर जुलाब लागतात. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका. केमोत मूल आधीच सुकलेलं असतं, उगाच चरबी तोडली तर वजन उतरतं.

डिचोलीचा मामा: दोघांचेही आभार. आईला वाचून दाखवलं. बाटली हलली, पण 'मग सोलकढीत थोडा नारळाचा रस?' चालूच आहे. अजून एक, डिस्चार्ज मिळाल्या मिळाल्या कोकणकन्या रेल्वेने थिवीला (आमचं जवळचं स्टेशन) यावं का?

स्कॅल्पेल: घाई नको. गळती पुष्कळदा मूल नीट जेवायला लागल्यावरच उघड होते. रोजचं जेवण पचतंय, पोट फुगत नाही, हे बघून मगच निघा, आणि तेही सर्जनना विचारून. घरी आल्यावर रोज एकाच वेळी, बेंबीच्या पातळीवर टेपने पोट मोजा, वजनही लिहा. घेर वाढत गेला, टाक्यातून पाणी झिरपलं, ताप आला किंवा धाप लागली तर मुंबईच्या फोनची वाट न बघता मुलीला आधी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात न्या. डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशन नोट्सची झेरॉक्स बरोबर असू द्या. आणि हो, सोलकढीतला रस नको.