तीन गिटारींची एक केली, पण बारीक ई तार फ्रेटवरून घसरते

अर्धीमुर्धी:
मामाच्या इलेक्ट्रिक गिटारची नेक (लांब मान) पिळवटली म्हणून ती कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती. स्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टर) आकाराची बॉडी मात्र ठणठणीत. तिला मी सेकंडहँड मिळालेली बावीस फ्रेटची (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) नेक लावली आणि तिसऱ्याच एका मोडक्या गिटारमधले सिंगल कॉइल पिकअप (तारांचं कंपन टिपणारे, एकेका वेटोळ्याचे) बसवले. काल रात्री पहिल्यांदा तारा चढवल्या. नाचून झालं, आता रडगाणं.

बारीक ई तार (सगळ्यांत खालची) बाराव्या फ्रेटपासून पुढे नेकच्या अगदी कडेला आहे. पंधराव्यावर जरा व्हायब्रॅटो दिला (दाबलेली तार हलवली) की तार खाली घसरते. जाड ईच्या बाजूला मात्र आणखी एक तार मावेल एवढी जागा (बरं, थोडं वाढवून सांगतेय). ब्रिजची (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) भोकं काड्या आणि गोंद घालून बुजवायची आणि ब्रिज दोन मिलिमीटर सरकवून नवी पाडायची, असं ठरवलंय. ड्रिल चार्जिंगला लावलंय.

शिवाय अँप (अँप्लिफायर) लावला की घूंऽऽऽ. तारांना हात लावला तरी तेवढीच. केबलच्या धातूच्या टोकाला बोट लावलं की एकदम कमी. हे काय गौडबंगाल?

बिनसुरा_सुतार:
ताई, ड्रिल तिथेच राहू दे. ब्रिजला हात लावायचा नाही.

आधी ब्रिजवर दोन्ही ई तारांमधलं अंतर मोज. जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर ते 56 मिलिमीटरच्या आसपास असतं, अरुंद प्रकारात 52-53. नेकच्या मानाने ब्रिज रुंद असता तर दोन्ही तारा कडेला आल्या असत्या. तुझी एकच आलीय, म्हणजे नेक तिरकी बसलीय. तारांच्या ताणाने असं सहज होतं.

तारा सुरात असू देत. नेकचे चारही स्क्रू जेमतेम पाव आटा सैल कर, जास्त नाही. गिटार वाजवायला धरतो तशी धर आणि हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) वर, म्हणजे छताच्या दिशेने ओढ. लाकूड हलल्याचं कळेल. तार कडेपासून आत आली की तसंच धरून स्क्रू आवळ. दुसरं माणूस जवळ असेल तर बरं.

हलली नाही तर तारा उतरव, स्क्रू पूर्ण बाहेर काढ आणि बॉडीच्या भोकांतून हाताने घालून बघ. तिथून ते सरळ आरपार जायला हवेत, आटे फक्त नेकमध्ये धरायला हवेत. बॉडीतही धरले तर कितीही आवळलं तरी मध्ये फट राहते. तसं असेल तर बॉडीतली भोकं स्क्रूपेक्षा किंचित मोठी कर. हं, इथे ड्रिल चालेल. नेकच्या भोकांना मात्र अजिबात नाही.

माळ्यावरचा_अँप:
मदत काही नाही, फक्त धीर देतो. गिटारवादक एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' ही गिटार अशीच तीन स्ट्रॅटचे चांगले चांगले भाग काढून जुळवलेली होती. 2004 मध्ये लिलावात ती साडेनऊ लाख डॉलरच्या वर गेली. 'क्वीन' बँडच्या ब्रायन मेने 1963 मध्ये वडिलांबरोबर गिटार करायला घेतली, तिची नेक जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या महॉगनीतून काढली आणि ट्रेमोलोला (दांड्याने तारांचा ताण बदलणारी यंत्रणा) मोटरसायकलच्या स्प्रिंगा लावल्या. तुमच्या मामांचा माळा त्यापुढे श्रीमंतच म्हणायचा.

धूर_निघाला:
घूंचं उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. केबलच्या टोकाला बोट लावलं की तुम्ही ग्राउंडला जोडल्या जाता. तारांना लावूनही तेच व्हायला हवं, होत नाही, म्हणजे तारा ग्राउंडला जोडलेल्याच नाहीत. मल्टिमीटरने तार आणि जॅकची बाहेरची कडी यांच्यामधला रोध मोजा, जवळपास शून्य यायला हवा.

मागचं झाकण उघडा. स्प्रिंगा अडकवलेली जी लोखंडी पट्टी असते, तिला एक वायर सोल्डर केलेली असते. ती सुटली असणार. पट्टी जाड असल्यामुळे उष्णता ओढून घेते, पंचवीस वॉटच्या सोल्डरिंग आयर्नने वर नुसता गोळा बसतो, चिकटत नाही. पट्टी कानशीने चकचकीत घासा, फ्लक्स (सोल्डर चिकटायला मदत करणारा लेप) लावा, साठ वॉटचं आयर्न घ्या. आधी पट्टीवर सोल्डर पसरू द्या, मग वायर. थोडी घूं तरीही राहील, सिंगल कॉइलचा स्वभावच तो.

अर्धीमुर्धी:
सगळ्यांचे आभार, दोन्ही झालं!

सुतारकाका (काका म्हटलं तर चालेल ना?), नेक हलेचना. स्क्रू काढले तर चारपैकी दोन बॉडीतच आटे धरत होते आणि नेकखाली पोस्टकार्ड सरकत होतं. भोकं मोठी केली, परत आवळलं, आता कागदसुद्धा जात नाही. तारा चढवल्यावर थोडा तिरकेपणा उरला होता. भावाने बॉडी धरली, मी हेडस्टॉक ओढला, 'कट्' असा आवाज आला आणि माझा जीव गेला. पण तार आत आली. पंधराव्यावर मनसोक्त व्हायब्रॅटो देऊन बघितला.

वायर तर स्प्रिंगांच्या खाली मोकळीच लोळत होती, टोकाला वाटाण्याएवढा सोल्डरचा गोळा. मामाला फोन करून विचारलं, ही कधी सुटली? तर म्हणे, "मला वाटायचं इलेक्ट्रिक गिटारचा आवाजच तसा असतो."