मदत हवी आहे: माझा फवारणीवरचा लेख उचलला आणि आतला मजकूरच फिरवला

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. पाच एकर कोरडवाहू वावर आहे, पऱ्हाटी (कपाशी) आणि तूर. 2017 च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर गेले, तेव्हा माझे दीरही आठ दिवस दवाखान्यात होते. ते वाचले. घरी आल्यावर त्यांना विचारून विचारून मी सगळं वहीत उतरवलं. पंप पाठीवर किती वाजता घेतला, वारा कुठून होता, डोक्याच्या वर गेलेल्या पऱ्हाटीतून चालताना फवारा तोंडावर कसा येत होता, मध्येच त्याच हातानं तंबाखू-सुपारीचा खर्रा कधी खाल्ला. त्या वहीतून माझं लिहिणं सुरू झालं. तेव्हापासून दरवर्षी फवारणीच्या आधी मी फेसबुकवर एक लेख टाकते. आजूबाजूच्या गावांतल्या बायका तो घरच्यांना वाचून दाखवतात.

यंदा तोच लेख एका कृषी केंद्राच्या, म्हणजे शेतीची औषधं विकणाऱ्या दुकानाच्या, फेसबुक पानावर दिसला. वाक्यं माझी. फोटो माझ्या अंगणातला, दिरांच्या हातमोज्यांचा, मीच काढलेला. माझं नाव कुठंच नाही, आणि ‘माझे दीर’ च्या जागी ‘आमचे एक ग्राहक शेतकरी’. एवढ्यावर थांबले असते तर मी दोन दिवस रडून गप्प बसले असते. पण मी लिहिलं होतं, ‘दोन औषधं एका पंपात मिसळू नका, डब्यावरचा लाल त्रिकोण, म्हणजे अतिविषारी औषधाची खूण, बघितल्याशिवाय झाकण उघडू नका.’ ही ओळ काढून तिथं दोन औषधं आणि एक टॉनिक एकत्र मारा, रिझल्ट लवकर मिळतो, असं घातलंय. खाली दुकानाचा नंबर. आता तो मजकूर व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरतोय.

मी फोन केला. समोरून उत्तर आलं, “ताई, माहिती तर सगळ्यांसाठीच असते. तुमच्याकडं रजिस्ट्रेशन आहे का?” मला पुढं बोलता आलं नाही. दीर म्हणाले, “माह्या दुखण्याच्या नावावर औषध इकून राह्यले थे.” आणि घरच्यांनी जे विचारलं त्यानं तर रात्रभर झोप नाही: “तुयं नाव गेलं त जाऊ दे, पण थे वाचून कोनं पंप भरला त?”

रजिस्ट्रेशन नसेल तर खरंच माझा हक्क नाही का? हे लवकरात लवकर खाली कसं उतरवायचं? वकिलाला द्यायला पैसे नाहीत, हेही सांगते.

प्रतिसाद 1
ताई, मनाला लावून घेऊ नका. चांगली गोष्ट चार लोकांपर्यंत पोचली, त्यात समाधान माना.

धागाकर्ती
भाऊ, जशीच्या तशी पोचली असती तर हा धागा काढलाच नसता. माझ्या लेखातली भीती खरी आहे, ती वाचून लोक विश्वास ठेवतात. त्याच विश्वासावर चुकीचा सल्ला चिकटवलाय.

प्रतिसाद 2
ताई, मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो. आधी रजिस्ट्रेशनचं. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा 1957 प्रमाणे लेख लिहिला की हक्क तयार होतो, नोंदणी सक्तीची नाही. वाऱ्याकडं पाठ करून फवारा, ही माहिती कुणाच्याच मालकीची नसते, तेवढं त्यांचं खरं. पण ती ज्या शब्दांत तुम्ही मांडली ते शब्द आणि तो फोटो तुमचाच.

तुमच्या प्रकरणात मला कलम 57 जास्त महत्त्वाचं वाटतं. लेखकाला आपलं नाव सांगण्याचा आणि आपली प्रतिष्ठा बिघडेल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क त्यात आहे. तुमची सावधगिरीची ओळ उलटी केली, ही मोडतोडच.

आज रात्रीच पुरावा जमवा. त्यांच्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह, लिंक, तुमच्या जुन्या वर्षांच्या पोस्ट, मोबाइलमधला मूळ फोटो आणि ती वही. वही अजिबात कुणाला देऊ नका. मोबाइलमधल्या पुराव्यासोबत कोर्टात भारतीय साक्ष अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मोबाइल बदलू किंवा फॉरमॅट करू नका. मग फेसबुकवर कॉपीराइट तक्रारीचा फॉर्म भरा, दोन्ही लिंक शेजारी शेजारी देऊन. प्रताधिकार नियम 2013 मध्ये लेखी तक्रारीनंतर 36 तासांत मजकूर अडवण्याची तरतूद आहे, पण ती 21 दिवसांपुरती. तेवढ्यात कोर्टाचा हुकूम आणला नाही तर मजकूर परत दिसू शकतो, म्हणून फॉर्म भरून स्वस्थ बसू नका.

जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला प्रताधिकार कायद्याच्या कलम 63 खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये सांगितलंय, त्यामुळं ठाण्यात ‘आमच्याकडं येत नाही’ म्हटलं तर हा निकाल सांगा. दावा लावायचा झाला तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या न्यायालयात लावता येतो, दुकान कुठंही असो.

पैशाचं म्हणाल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 प्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. यवतमाळच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या किंवा 15100 वर फोन करा.

प्रतिसाद 3
वहिनी, लेखचोरीचं होईल तेव्हा होईल. डब्यावर न लिहिलेलं मिश्रण सांगून औषध विकतात, ही तक्रार वेगळी करा. पंचायत समितीत किंवा तालुका कृषी कार्यालयात गुणनियंत्रण निरीक्षक असतात. लेखी द्या, पोच घ्या. ऐन फवारणीत ही तक्रार आधी.

धागाकर्ती
वकील दादा, भाऊ, दोघांचे मनापासून आभार. स्क्रीनशॉट काढले, फॉर्म भरला. उद्या सकाळच्या एसटीनं तालुक्याला जाऊन निरीक्षकांकडं अर्ज देते, दीरही सोबत येतो म्हणाले. व्हॉट्सॲपवर सुटलेला मजकूर मात्र माझ्या हातात नाही. हातमोज्यांचा फोटो आणि खाली दोन औषधं एकत्र मारण्याचा सल्ला, असा मेसेज तुमच्या गावच्या ग्रुपवर आला तर कृपा करून लगेच तिथंच लिहा: हा सल्ला मूळ लेखात नाही, मूळ लेखात उलटं लिहिलंय. आमच्याकडं पाऊस उघडला आहे, परवापासून पंप निघतील.