आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन शिकागो ते बडोदे: कुठलं विमान?

प्रेषक: मधुरा

सर्वांना नमस्कार,

लेकीचं बोरन्हाण येत्या संक्रांतीला बडोद्यालाच, दांडिया बाजारातल्या आमच्या घरी करायचं ठरतंय. तेव्हा ती आठ महिन्यांची असेल. नवऱ्याला सुट्टी मिळत नाहीये, म्हणून जाताना आम्ही दोघीच. एअर इंडियाने थेट दिल्ली गाठून पुढे बडोदे करावं, की आखातातून यावं? आई म्हणते, थेट विमानच घे, मधे उतरायची दगदग नको. कोणी तान्हं बाळ घेऊन आलं असेल तर नक्की लिहा.

मधुरा

---

प्रेषक: सुनीता

मधुरा,

मी सध्या बडोद्यातच आहे, कारेलीबागला माहेरी. दोन्ही रस्त्यांनी एकटीने मुलाला आणलंय: पहिल्यांदा तो नऊ महिन्यांचा होता तेव्हा दिल्लीमार्गे आणि या वेळी अहमदाबादला उतरून. तू अहमदाबादला उतर.

काकूंचं म्हणणं दिल्लीत घर असणाऱ्यांसाठी अगदी खरं आहे. आपला प्रवास मात्र दिल्लीला संपत नाही. तिथे इमिग्रेशनची रांग, मग पट्ट्यावरून बॅगा उचल, कस्टम, बॅगा परत जमा कर, पुन्हा सिक्युरिटी. हे सगळं एका हातावर बाळ घेऊन. त्यात जानेवारी म्हणजे दिल्लीचं धुकं. आमचं बडोद्याचं विमान पाच तास लांबलं. बाकावर शाल अंथरून त्याला निजवलं होतं आणि पिशवीत शेवटचा डायपर उरला होता. तो पाच तासांचा काळ मी विसरणार नाही. शिवाय एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केल्यापासून एअर इंडियाच्या अमेरिकेच्या विमानांना लांबून वळसा पडायला लागला, काहींना तर वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. तेव्हा ‘थेट’ वाचून तिकीट काढू नकोस, प्रवासाचे एकूण तास बघ.

एमिरेट्स, कतार आणि एतिहाद तिघांचीही शिकागोहून विमानं आहेत आणि तिघंही पुढे अहमदाबादला आणतात. दुसरं विमान जेमतेम तीन तासांचं. अहमदाबादला इमिग्रेशन झालं, बॅगा घेतल्या की बाहेर भाऊ गाडी घेऊन उभा! एक्सप्रेसवे 93 किलोमीटरचा आहे, विमानतळापासून घरापर्यंत दोन-अडीच तास धर. गाडीत लावायला बाळाची कारसीट तिकडूनच घेऊन ये, भाड्याच्या गाडीत ती नसते.

तिघांतलं कुठलं, हे मी बॅसिनेटवर, म्हणजे विमानातल्या बाळाच्या छोट्या पाळण्यावर, ठरवेन. पुढच्या भिंतीसमोरच्या मोजक्याच सीटना ते लागतं. तिकीट काढलंस की त्याच दिवशी फोन करून मागून घे आणि दोन्ही विमानांसाठी वेगवेगळं विचार. पहिल्या वेळी माझं तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्याच कंपनीचं होतं. माझी मागणी पुढे पोचलीच नव्हती, सबंध रात्र तो मांडीवर होता. त्यामुळे तिकीट आणि विमान एकाच कंपनीचं असू दे. वजनाची मर्यादाही विचार, प्रत्येकाची वेगळी असते आणि आठ महिन्यांचं बाळ तिच्या जवळ पोचलेलं असतं.

एक मात्र मनाची तयारी ठेव. सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला बॅसिनेटमधून उचलून मांडीवर घ्यावंच लागतं. या वेळी तर मुलगा बॅसिनेटच्या मापाबाहेर गेला होता, म्हणून त्याच्यासाठी वेगळी सीटच घेतली. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर असलं तर तिकीट साधारण दहा टक्के आणि वर कर, सीट घेतली की खर्च बराच वाढतो. पण परवडत असेल तर विमानात चालणारी कारसीट लावून बाळाला वेगळी जागा द्यावी. हादऱ्यांत हातांनी धरून ठेवण्यापेक्षा ते खूपच सुरक्षित.

खाण्याचं म्हणशील, तर भाजलेल्या तांदूळ-मुगाचं बारीक पीठ छोट्या डब्यांत एकेका वेळचं भरून ने. गरम पाणी विमानात मिळतं, पण पेज गॅलीतच (विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात) कालवून, निववून आण, बाळ मांडीवर असताना गरम कप समोर नको. फॉर्म्युला किंवा काढलेलं दूध 100 मिलीपेक्षा जास्त असलं तरी अमेरिकेच्या सिक्युरिटीत चालतं, फक्त आधी सांगून बाहेर काढून ठेव. विमान खाली यायला लागलं की दूध पाज. गिळण्याने कानातला दाब सुटतो, नाहीतर बिचारी कळवळतात.

सुनीता

---

प्रेषक: श्रीकांत

मधुराताई, दोन कागद विसरू नका. बाळाचा जन्म अमेरिकेतला असेल तर तिचा स्वतःचा पासपोर्ट आणि त्यावर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं कार्ड) किंवा व्हिसा. आणि आई एकटी नेतेय म्हणून वडिलांचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा. आमच्या घरच्यांकडे ते एकदा मागितलं होतं. परतीला एतिहादचा एक फायदा आहे: अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीलाच होतं, शिकागोला उतरल्यावर रांग लावावी लागत नाही. त्यासाठी अबुधाबीत तीनेक तास तरी मधे ठेवा.

श्रीकांत

---

प्रेषक: मधुरा

सुनीताताई, श्रीकांतदादा, मनापासून आभार. आईला तुमचं पत्र वाचून दाखवलं. धुक्याचं ऐकून ती लगेच म्हणाली, दिल्ली नको. एतिहादला फोन केला, दोन्ही विमानांत बॅसिनेट मिळालंय, 11 जानेवारीला पहाटे अहमदाबादला पोचते. ताई, तुम्ही तेव्हा कारेलीबागेतच असाल तर बोरन्हाणाला नक्की या, मुलालाही घेऊन. आणि हलव्याचे दागिने तिथे चांगले कुठे मिळतील, तेवढं कळवा.

मधुरा