कालवांत पर्किन्सस हा परजीवी शोधतोय: काही नळ्या गढूळ, बाकीच्यांत नुसते तपकिरी गोळे

खाडीकाठ (प्रश्न)
पदव्युत्तर प्रकल्पासाठी रत्नागिरीजवळच्या खाडीतून ऑगस्टच्या मध्यावर २४ कालवं (क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस) काढली. प्रत्येकाच्या आतड्याचं शेवटचं टोक आणि कल्ल्याचा तुकडा थायोग्लायकोलेट माध्यमात (त्यात परजीवीच्या पेशी फुगून मोठ्या होतात) ५ दिवस अंधारात ठेवला, मग ल्युगोल आयोडीन घातलं. ६ नळ्या गढूळ होऊन वास मारतायत. बाकीच्यांत लहानमोठे तपकिरी गोळे दिसतात, पर्किन्ससची खूण असलेला निळा-काळा एकही नाही. खाडी पर्किन्ससमुक्त आहे असं लिहावं का?

सूक्ष्मदर्शी
नाही. त्या ६ नळ्या तर मोजूच नका, त्यांचा निकाल 'नकारात्मक' नसून 'वाचता आला नाही' असा नोंदवायचा. गढूळपणा जिवाणूंचा आहे. प्रतिजैविकं माध्यमाबरोबर ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) गेली असतील तर ती निकामी झाली. माध्यम थंड झाल्यावर, तुकडा टाकायच्या वेळीच घालावीत: दर मिलीलिटरला पेनिसिलिन ५०० युनिट, स्ट्रेप्टोमायसिन ५०० मायक्रोग्रॅम, आणि बुरशीसाठी निस्टॅटिन. निस्टॅटिन पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतं, म्हणून दर वेळी बाटली हलवूनच घ्या. तुकडा ५ बाय १० मिलिमीटरपेक्षा मोठा नको.

माध्यमात मीठ घातलं होतं का? माध्यमाच्या डब्यावरचं प्रमाण वैद्यकीय जिवाणूंसाठी असतं. समुद्री प्राण्यांसाठी लिटरला आणखी २० ग्रॅम सोडियम क्लोराइड लागतं. ते राहिलं तर परजीवीच्या पेशी फुगून मोठ्या होण्याआधीच मरतात. आणि नळीचा वरचा एक तृतीयांशाहून जास्त भाग गुलाबी झाला असेल तर माध्यमात ऑक्सिजन शिरलाय. उकळत्या पाण्यात एकदा तापवून ते सुधारतं, दुसऱ्यांदा तापवू नये.

तपकिरी गोळ्यांचं कारण सोपं आहे. कालवात ग्लायकोजेन (प्राण्यांच्या शरीरातलं साठवणीचं पिष्ट) भरपूर असतं आणि आयोडीनने ते लालसर-तपकिरी होतं. उलट फसगतही होते: पोटातल्या हिरव्या शैवालाचा स्टार्च निळा होतो. म्हणून कल्ल्याचा आणि आतड्याचा तुकडा वेगळ्या स्लाइडवर पाहा. खरा हिप्नोस्पोर, म्हणजे माध्यमात फुगलेली परजीवीची पेशी, नीट गोल, जाड भिंतीचा, बहुधा ३० ते ८० मायक्रॉनचा असतो. रंग फिका पडत जातो, तेव्हा स्लाइड लगेच वाचा.

भरतीओहोटी
पद्धत सुधारली तरी ऑगस्टचा नमुना या प्रश्नाला पुरणार नाही. पर्किन्ससला ऊब आणि खारटपणा दोन्ही लागतं. अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात पर्किन्सस मरिनसचा जोर उन्हाळ्याच्या अखेरीस वाढतो आणि क्षारता १० पीपीटीखाली (हजार भाग पाण्यात १० भाग क्षार) गेली की ओसरतो. आपल्या खाड्या पावसाळ्यात गोड्या होतात, म्हणजे तुम्ही नेमक्या सर्वांत प्रतिकूल महिन्यात शोधलंत. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला परत काढा, आणि दर वेळी तळाजवळची क्षारता व तापमान त्याच जागी मोजा. पिल्लं वगळा: मोठी कालवं जास्त काळ पाणी गाळत आलेली असतात, त्यांच्यात सापडण्याची शक्यता जास्त. खाडीच्या मुखाकडची आणि आतली अशा किमान दोन जागा ठेवा.

संख्येचं गणितही पाहा. चाचणी एकही बाधित कालव चुकवत नाही असं धरलं तरी ३० कालवं स्वच्छ निघाली तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं, की प्रादुर्भाव १० टक्क्यांहून कमी आहे. ५ टक्क्यांसाठी ६०, २ टक्क्यांसाठी १५० लागतात. तुमच्या हाती आज वाचता येण्याजोगी १८ आहेत. 'मुक्त' हा शब्द प्रबंधात अजिबात नको.

खाडीकाठ
समजलं, मीठ घातलंच नव्हतं. पुढच्या वेळी निळे गोळे मिळाले तर जात कशी ओळखायची?

शिंपलेवाला
आयोडीनवरून जात कळत नाही, फक्त वंश कळतो. भारतात मोत्याच्या कालवात (पिंक्टाडा फुकाटा) पर्किन्सस ओल्सेनी आणि तुमच्याच जातीच्या कालवात पर्किन्सस बेइहाइएन्सिस नोंदलेला आहे. ओल्सेनी जागतिक प्राणी आरोग्य संघटनेच्या यादीत आहे, बेइहाइएन्सिस नाही. म्हणून नाव चुकणं परवडणार नाही.

कालव उघडल्याबरोबर कल्ल्याचा छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये, दहापट आकारमानात, ठेवून द्या. निकाल कळेपर्यंत थांबू नका. आयटीएस या जनुकीय भागाचा पीसीआर करून (म्हणजे त्या डीएनएच्या प्रती वाढवून) मिळालेल्या पट्टीचा डीएनए-क्रम वाचून घ्या, नुसती पट्टी पुरेशी नाही. तिसरा आडवा काप, सूक्ष्मदर्शकाखालच्या छेदांसाठी, डेव्हिडसन द्रावणात (ऊती टिकवणाऱ्या) २४ ते ४८ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये. परजीवीने ऊतीचं नुकसान केलंय का, हे फक्त त्या छेदांतच दिसतं. पीसीआर पाण्याबरोबर आत शिरलेल्या मृत पेशीचाही डीएनए पकडतो, त्यामुळे तेवढ्यावर 'रोग' लिहू नये. त्याच छेदांत कृमींच्या अळ्या आणि नेमाटॉप्सिस हा दुसरा एकपेशीय परजीवीही दिसतील, तेही नोंदवा.

या परजीवीची ओळखच घाईने चुकली होती. १९५० मध्ये मॅकिन, ओवेन आणि कोलियर यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या कालवांत तो वर्णिला तेव्हा बुरशी समजून डर्मोसिस्टिडियम नाव दिलं. थायोग्लायकोलेटची ही चाचणी सॅमी रे यांनी १९५२ मध्ये दिली, आणि पर्किन्सस हे नाव तर १९७८ चं.

एक कळकळीची विनंती. वापरलेल्या नळ्या ऑटोक्लेव्ह करा, शिंपले ब्लीचमध्ये बुडवून मगच टाका. नळीतला हिप्नोस्पोर जिवंत असतो, समुद्राच्या पाण्यात पडला की काही दिवसांत त्यातून पोहणारे झूस्पोर सुटतात. आणि एका खाडीतली कालवं दुसऱ्या खाडीत धुऊ नका, तिथे सोडूही नका.