भूमिका ‘वठवणे’, ‘जगणे’ की ‘सोंग आणणे’?

तालीमवाली : नाट्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात आहे. या सत्रात एकाच प्रसंगावर रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की व मायरहोल्ड आणि जर्मन नाटककार ब्रेख्त यांच्या अभिनयाच्या तीन पद्धतींनी काम चाललंय. प्रसंग साधाच. मुलगा रात्री उशिरा घरी येतो, आईने ताट वाढलेलं आहे, तो ‘भूक नाही’ म्हणून ताट सारतो आणि उठतो. मुलगा मी करते. रोजची नोंदवही मराठीत लिहायची आहे आणि तिथेच गाडं अडतं. तालमीत सगळे ‘सुपर ऑब्जेक्टिव्ह’ (भूमिकेचा मुख्य हेतू), ‘एलिअनेशन’ (परकेपणा) म्हणून मोकळे होतात. लिहायला बसलं की साधं क्रियापद सापडत नाही. भूमिका केली, वठवली, रंगवली, साकारली, जगले... यांत खरंच फरक आहे, की पेपरातल्या परीक्षणांसाठी केलेली सोय आहे?

विंगेतून : चांगलाच फरक आहे. हुंडी वठते, धनादेश वठतो, म्हणजे समोरच्याने तो खरा मानून पैसे मोजले. भूमिका वठली की नाही याचा निवाडाही असाच समोर बसलेल्याच्या हातात. म्हणून नट स्वतःच ‘मी ही भूमिका वठवली’ म्हणाला की कानाला खटकतं. ‘रंगवणे’ला ‘रंगवून सांगणे’चा वास आहे, थोडं जास्तीचं आलंच. ‘साकारणे’ मात्र निव्वळ जाहिरातीतलं. तालमीत कुणी ‘मी आज साकारतोय’ म्हणाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. (झाड वठतं ते वेगळं. काही भूमिका त्याही अर्थाने वठतात.)

तिसरी घंटा : स्तानिस्लावस्कीपुरतं ‘जगणे’ चालेल. त्याचा रशियन शब्द ‘पेरेझिवानिये’, त्यात जगण्याचाच धातू आहे. पण आपल्याकडे ‘भूमिका जगला’ म्हणजे घरी जाऊनही भूमिकेतून बाहेर आला नाही, असं कौतुक असतं. हे त्याच्या माथी मारू नका. त्याचा सगळा भर ‘जर’वर. मी या परिस्थितीत असतो तर काय केलं असतं? ‘जर’ म्हणणाऱ्याला आपण कोण आहोत हे पक्कं ठाऊक असतं. सिनेमाच्या गप्पांत ज्याला ‘मेथड’ म्हणतात ती अमेरिकेत ली स्ट्रासबर्गने वाढवलेली शाखा. 1934 साली अमेरिकन अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर पॅरिसला स्तानिस्लावस्कीला भेटली आणि परतल्यावर सांगू लागली की भावनिक स्मृती, म्हणजे नटाच्या स्वतःच्या जुन्या भावना, उकरण्यापेक्षा तो नाटकातल्या परिस्थितीवर आणि कृतीवर भर देतो. त्यावरून तिचं आणि स्ट्रासबर्गचं जे बिनसलं ते बिनसलंच.

तालीमवाली : हे तालमीतही जाणवलं. आधी मी नुसतीच दुःखी चेहरा करून बसत होते. मग सरांनी विचारलं, किती वाजलेत? आई जेवली आहे का? तुला काय लपवायचंय? नोकरी गेलीय आणि ते सांगायचं नाही, एवढं ठरवल्यावर नजर आपोआप भाकरीवर खिळली, आईकडे गेलीच नाही.
मायरहोल्डच्या वेळी उलटंच. तिथे ‘अत्काझ’ शिकवला, मूळ अर्थ नकार. कोणत्याही हालचालीआधी तिच्या विरुद्ध दिशेची छोटी हालचाल. ताट दूर सारायचं, म्हणून आधी ते बोटभर स्वतःकडे ओढायचं. मला आतून काहीही वाटत नव्हतं, मी मनात आकडे मोजत होते. पण बघणाऱ्यांना वाटलं की हा आता जेवणार. मग ताट सरकलं तेव्हा वर्ग चिडीचूप. याला ‘जगले’ कसं म्हणू?

पटांगण : अत्काझला ‘हूल’ म्हणा की. कबड्डीत एका अंगाला झुकायचं आणि दुसरीकडे जायचं.

विंगेतून : हूल समोरच्याला फसवायला असते. अत्काझ पुढची हालचाल ठसठशीत दिसावी म्हणून असतो, बाण सोडण्याआधी दोरी मागे ओढतात तसा. मायरहोल्डच्या सरावांपैकी एक धनुष्याचाच आहे. मी ‘अत्काझ’ तसाच ठेवीन. क्रियापद मात्र साधं घ्या, ‘भूमिका केली’. इतकं शारीरिक काम असताना ‘करणे’ला कमी का लेखायचं?

बतावणी : आता ब्रेख्त. जर्मनमध्ये दोन शब्द आहेत. मार्क्सचा ‘एंटफ्रेमडुंग’ आणि ब्रेख्तचा ‘फेरफ्रेमडुंग’. इंग्रजीत दोन्हींना ‘एलिअनेशन’ म्हणायची सवय लागली आणि मराठीत तोच गोंधळ उतरला. ‘परात्मता’ मार्क्सला शोभते. माणूस आपल्याच श्रमाला परका होतो, ती वाईट अवस्था. ब्रेख्त मात्र मुद्दाम, कामाची गोष्ट म्हणून परकेपणा आणतो. ‘दूरीकरण’ही अपुरं, प्रेक्षकाला ढकलून लावल्यासारखं वाटतं. रोजचं ओळखीचं दृश्य अनोळखी करून दाखवायचं, म्हणून ‘अपरिचितीकरण’. शब्द बोजड आहे, कबूल. 1935 मध्ये मॉस्कोत ब्रेख्तने चिनी नट मेई लानफांगचं काम पाहिलं, त्यानंतरच त्याच्या लिखाणात हा शब्द येतो. आणि क्रियापद म्हणाल तर सरळ ‘सोंग आणणे’.

तिसरी घंटा : सोंग? आमच्याकडे ‘सोंगं करू नकोस’ म्हणून फटका मिळतो.

बतावणी : तो घरगुती अर्थ. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा या मुखवट्यांच्या उत्सवात देवादिकांची सोंगं नाचवतात आणि सोंग घ्यायला मिळणं हा मान असतो. तुकोबांचं ‘नटनाट्य अवघें संपादिलें सोंग’ आठवा. पुढे लगेच ‘भेद दाऊं रंग न पालटे’. वेगळेपण दाखवायचं आणि आपण बदलायचं नाही, ब्रेख्तला तरी याहून वेगळं काय हवं होतं?

तालीमवाली : हे आवडलं. ब्रेख्तच्या सरावात आम्ही वाक्यं तृतीयपुरुषी भूतकाळात बोललो : ‘मग त्याने ताट सारलं आणि तो म्हणाला, मला भूक नाही.’ ‘म्हणाला’ तोंडातून गेलं आणि मलाच प्रश्न पडला, हा असं का म्हणाला? आई अजून उपाशी आहे, हे याला दिसत नाही? आधीच्या दोन्ही पद्धतींत मी मुलाच्या बाजूने होते.

विंगेतून : एक सावधगिरी. सोंग म्हटलं की लोकनाट्य आणि लोकनाट्य म्हटलं की ब्रेख्त, हे समीकरण फार सैल आहे. ब्रेख्तच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’वरून केलेलं पु.लं.चं ‘तीन पैशाचा तमाशा’ 1978 चं. पण सोंगाड्या प्रेक्षकांशी बोलतो याचं मराठी माणसाला नवल कधी होतं? जे मुळात परिचयाचं आहे त्याने अपरिचितीकरण कसं होणार? तिथे दुसरी काही युक्ती लागते.

बतावणी : मान्य. मेळ आपोआप बसत नाही.

तालीमवाली : नोंदवहीत असं लिहिते : पहिल्या आठवड्यात मुलगा ‘जगले’, दुसऱ्यात ‘केला’, तिसऱ्यात त्याचं ‘सोंग आणलं’. ‘वठवला’ कुठेच नाही, ते सर ठरवतील. पुढच्या सत्रात पोलिश दिग्दर्शक ग्रोटोव्हस्की आहे. त्याच्या ‘पुअर थिएटर’ला, म्हणजे थाटमाट वगळून नटावरच उभ्या राहणाऱ्या नाटकाला, निष्कांचन रंगभूमी म्हणू का?

विंगेतून : ‘गरीब रंगभूमी’च म्हणा. पोलिशमधल्या ‘उबोगी’ या शब्दाचा अर्थही गरीबच.