मदत हवी आहे: घरगुती सीएनसी राउटरला गोल रॉड, एसबीआर की चौकोनी रेल?

नमस्कार मंडळी,

फर्निचरच्या कामासाठी स्वतःच सीएनसी राउटर (संगणकानं चालणारं कटाईचं मशीन) बांधतोय. कामाचा आवाका ९०० बाय ६०० मिमी. प्लाय, एमडीएफ रोजचं. कधीमधी ॲल्युमिनियमचा पत्रा. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) १.५ किलोवॅट, झेडच्या (वर-खाली सरकणाऱ्या) सांगाड्यासकट वजन १० किलोच्या आसपास. फ्रेम ८० बाय ४० एमएस (माइल्ड स्टील) ट्यूबची. वेल्डिंगनं ती ओढली गेलीय, सरळपट्टी ठेवली की मधे अर्ध्या मिमीचा फिलर (फट मोजायची पत्ती) आरामात जातो.

गँट्रीला (टेबलावरून सरकणाऱ्या, स्पिंडल धरणाऱ्या आडव्या पुलाला) फक्त टोकांना धरलेले २० मिमीचे दोन रॉड लावावेत असं मनात होतं, कारण माल घरात पडून आहे. हिशेब केला: गाळा (दोन आधारांमधलं अंतर) ८०० मिमी, प्रत्येक रॉडवर ५ किलो, स्पिंडल मध्यावर, तर बाक ०.३३ मिमी. १६ मिमीच्या रॉडला तोच ०.८! म्हणजे आता एसबीआर२० (खालून लांबीभर आधार असलेला २० मिमीचा गोल रॉड) नाहीतर एचजीआर१५ (१५ मिमीची चौकोनी रेल). वर्कशॉपवाला मित्र म्हणतो, तुझ्या असल्या फ्रेमवर चौकोनी रेल बसवलीस तर ब्लॉक (रेलवर सरकणारे बेअरिंगचे ठोकळे) जाम होतील. खरंय का? आणि गँट्री ओढायला एकाच बाजूला बॉलस्क्रू (मोटरनं फिरून गँट्री सरकवणारा लांब स्क्रू) चालेल का?

प्रतिसाद: डायलगेज

हिशेब बरोबर आहे, पण रॉडची टोकं नुसती टेकलेली धरून. पक्की आवळली तर बाक पाव हिश्श्यापर्यंत उतरू शकतो. तरी रॉड नकोच. वजनाचा बाक परवडला, टेबलावरचा एमडीएफ त्याच मशीननं फेस केला (वरून सपाट कापला) की तो बराचसा झाकला जातो. कटर लाकडात शिरल्यावर रॉड तंबोऱ्याच्या तारेसारखा झंकारतो, त्याला इलाज नाही.

एसबीआरचा ब्लॉक एका बाजूनं उघडा असतो आणि त्या बाजूनं ओढ आली की त्याची ताकद बरीच घटते. तुमचा स्पिंडल गँट्रीच्या पुढे लोंबणार, म्हणजे वरच्या रेलवरच्या ब्लॉकला तो कायम रेलपासून बाहेरच ओढणार. एचजीच्या ब्लॉकमध्ये पोलादी गोळ्यांच्या चार ओळी ४५ अंशांत बसतात, चारही दिशांना सारखाच भार घेतात. एचजीआर१५ घ्या, लाकडाला पुरून उरेल.

मित्राचं म्हणणं मात्र खरं आहे. दर ६० मिमीला बोल्ट आवळला की रेल फ्रेमचाच आकार घेते. शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालत बसू नका, तो खेळ संपत नाही. फ्रेमवर १२ मिमीच्या पट्ट्या वेल्ड करा आणि दोन्ही एकाच सेटिंगमध्ये मिलिंग करून घ्या. वेल्डिंगचं सगळं काम आधी उरका, मिलिंगनंतर एक टाकाही मारायचा नाही.

प्रतिसाद: धागाकर्ता

धन्यवाद! पण एवढी फ्रेम घेणारं मिलिंग मशीन आमच्या तालुक्यात नाही. एपॉक्सी ओतून समपातळी करतात म्हणे, ते टिकतं का?

प्रतिसाद: भुसा

टिकतं. सावकाश सुकणारं, पातळ एपॉक्सी हवं. दोन्ही बाजूंना बांध घाला आणि ते एका आडव्या नाळेनं जोडा, तरच दोन्हीकडची पातळी एक येते. कडेला एपॉक्सी थोडं वर चढतं, म्हणून बांध रेलपेक्षा बराच रुंद ठेवा.

बसवताना पहिली रेल सरळपट्टी आणि डायल (बारीक फरक दाखवणारं गेज) लावून पक्की करा. दुसरीचे बोल्ट सैल ठेवा, गँट्री हातानं या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा आणि ती जिथे उभी असेल तिथलेच बोल्ट आवळत जा. कुठे जड लागली तर तिथलं सोडून परत. ब्लॉकमधली प्लास्टिकची पट्टी रेल समोर येईपर्यंत काढू नका, गोळ्या घरभर होतात.

स्क्रूचं म्हणाल तर एका बाजूला नको. गँट्री तिरकी होऊन अडकते. बजेट असेल तर दोन्ही बाजूंना एकेक, नसेल तर टेबलाखालून मधोमध एकच. आणि प्रत्येक बाजूचे दोन ब्लॉक जमेल तेवढे लांब ठेवा, मात्र तेवढी रेल जास्त लांब लागेल.

एमडीएफची धूळ ग्रीसमध्ये बसते, तेव्हा ऑर्डर देण्याआधी व्हॅक्यूमची सोय काय केलीय ते सांगा.