‘अवघे पाऊणशे वयमान’ ही ओळ अजून का टिकून आहे?

तिसरी घंटा: घरातल्या काकांनी केस काळे केले की कुणीतरी म्हणतंच, ‘म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान!’ म्हणणाऱ्याने देवलांचं ‘संगीत शारदा’ (१८९९) हे नाटक बहुधा पाहिलेलंही नसतं. माझ्या मते ओळ टिकली ती तिरकसपणावर. आधी ‘म्हातारा’, मग साळसूद नकार, मग ‘अवघे’ म्हणत थेट पंचाहत्तर! शिवी एकही नाही, नुसता स्थळ खपवणाऱ्याचा सूर. नाटकातला लग्नं जुळवणारा भद्रेश्वर दीक्षित म्हाताऱ्या नवरदेवाचं, भुजंगनाथाचं, स्थळ असंच खपवणार ना?

खालचा सा: चाल काढा, मग बघा काय उरतं. पुढचं ‘दंताजीचे ठाणे उठले’ जास्त मजेदार आहे, दातांनी फौजेसारखा तळ हलवलाय! ते कुणी रोज म्हणतं का? धृपद कानात बसतं, अंतरा नाही.

तिसरी घंटा: मग याच नाटकातल्या ‘मूर्तिमंत भीती उभी’ची चाल काय वाईट आहे? ते मैफलीत गातात, बोलण्यात कुठे येतं?

चौकटीबाहेरची: टिकलं टिकलं म्हणून खूश आहात, पण टिकलं काय ते बघा. शारदेचा बाप कांचनभट पैशासाठी पोरीला त्या थेरड्याच्या गळ्यात बांधायला निघाला होता. त्याच्यावरची एक ओळ सांगा जी लोकांच्या तोंडी आहे. आपण म्हाताऱ्याला हसलो आणि बापाला सोडून दिलं. वर ही ओळ आता भलत्यांवरच फेकतो. आमच्या नात्यातल्या एका काकांनी साठीनंतर आपल्याच वयाच्या बाईंशी लग्न केलं. पंगतीत कुणीतरी हे पद गुणगुणलं. नव्या काकू श्रीखंडाचं भांडं तिथेच ठेवून आत गेल्या. यात भुजंगनाथ कोण?

पिटातला: ताई, इतकं मनावर नका घेऊ. या नाटकाने समाज हलवला. बालविवाह रोखणारा शारदा कायदा त्याच्याच नावावरून आला ना?

खालचा सा: नाही हो. १९२९ चा तो कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला जातो. नाटकानंतर ३० वर्षांनी आला. त्यात मुलीचं किमान वय १४ ठरलं, नवऱ्याच्या कमाल वयाबद्दल अवाक्षर नाही. म्हणजे मुलगी १४ ची भरली की भुजंगनाथ मोकळा!

पिटातला: अरेच्चा! आमच्याकडे तर सगळे नाटकाचंच नाव सांगतात.

तिसरी घंटा: पंगतीतला प्रकार वाईटच. पण म्हणून ओळच मोडीत काढायची? पंचाहत्तरीचा पुढारी फ्लेक्सवर ‘युवकांचे आशास्थान’ म्हणून झळकतो, तिथे दुसरं काय म्हणणार?

चौकटीबाहेरची: तिथे खुशाल म्हणा, मीही सूर लावते. पण कांचनभटाचं काय? हुंडा मोजून घेणाऱ्याला मांडवात टोचेल अशी एखादी ओळ कुठल्याही नाटकात सापडली तर इथे टाका.